सासूबाईंची नोटीस

त्या दिवशी वस्तीत कुणी मेलं नाही, हाच माझा गुन्हा. चार-दोन माणसं दगावली असती तर मी सुटले असते. साहेब लोकांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून यंत्रणा किती तत्पर होती ते सांगितलं असतं, मेलेल्यांच्या नावांचा तक्ता झाला असता आणि माझं नाव कुणाच्या तोंडीही आलं नसतं. पण मी भोंगा वाजवला, चारशे घरं रिकामी झाली, संध्याकाळी सगळी माणसं आपापल्या पायांनी घरी परतली, आणि सरकारला प्रश्न पडला की काही झालंच नाही तर या बाईनं भोंगा वाजवला कशाला.

मी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात टेलिफोन ऑपरेटर आहे. आहे म्हणायचं की होते, ते अजून ठरायचंय. कक्ष म्हणजे मोठ्या कचेरीतली जिन्याखालची खोली. तीन फोन, एक नकाशा, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर काचेच्या पेटीत एक लाल बटण. बर्फ कारखान्यामागच्या वस्तीत पाण्याच्या टाकीवर भोंगा बसवलाय, तो या बटणानं वाजतो. पेटीला कुलूप असतं. किल्ली साहेबांच्या जुडग्यात आणि जुडगा साहेबांच्या खिशात. साहेब म्हणजे जिल्हा आपत्ती अधिकारी. हे असं का, ते मी नोकरीला लागले तेव्हाच विचारलं होतं. कायद्यात तसं आहे, असं उत्तर मिळालं.

कायदा तसा झकास आहे. देशाचं एक प्राधिकरण, त्याच्या खाली प्रांताचं, त्याच्या खाली जिल्ह्याचं. प्रत्येकाला एक समिती, प्रत्येक समितीला उपसमिती आणि प्रत्येकाचा एक आराखडा. आराखडा दरवर्षी अद्ययावत करायचा असतो. तो मीच करते, म्हणजे मागच्या वर्षीचं साल खोडून या वर्षीचं टाकते. कुणी कुणाला कळवायचं आणि कुणाच्या परवानगीनं काय करायचं, त्याचा तक्ता बाण काढून भिंतीवर लावलाय. सगळे बाण वर जातात. खाली, माणसांकडे येणारा एकच बाण आहे. तो लाल बटणापाशी येऊन थांबतो. अकरा वर्षं मी त्या तक्त्यासमोर बसून डबा खाल्लाय.

त्या दिवशी पावणेचारला बर्फ कारखान्यातून फोन आला. पलीकडे कारखान्याचा मिस्त्री होता. दर महिन्याला लाइन तपासायला तोच फोन करायचा, त्यामुळे आवाज ओळखीचा. हा माणूस कधी घाबरल्याचं मी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "बाई, टाकीजवळच्या जोडातून अमोनिया सुटलाय. वारा वस्तीकडे आहे. भोंगा वाजवा." त्याच्या मागे कुकरची शिट्टी अडकल्यासारखा फुसफुसाट ऐकू येत होता. मग तो खोकला आणि फोन बंद झाला.

मी तक्त्याप्रमाणे गेले. आधी साहेब. साहेब राजधानीत एका शिबिराला गेले होते, शिबिराचा विषय होता 'आपत्तीतला पहिला तास', आणि फोन बंद. मग उपअधिकारी. त्यांनी विचारलं, लेखी आलंय का. मी म्हटलं गॅस लेखी येत नाही. ते रागावले आणि मला व्याख्या ऐकवली. आपत्ती म्हणजे स्थानिक लोकांच्या आवाक्याबाहेर गेलेली घटना, कायद्यात स्पष्ट आहे, तेव्हा आवाक्याबाहेर गेलंय का ते आधी कारखान्याकडून खात्री करून घ्या. कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, किरकोळ आहे, दहा मिनिटांत आवरतो, उगाच बोभाटा नको. मग जिल्हाप्रमुखांचे सचिव. ते म्हणाले, जिल्हाप्रमुख बैठकीत आहेत, ईमेल टाका. मी ईमेल टाकला. देवाशपथ टाकला.

यात नऊ मिनिटं गेली. माझं घर त्याच वस्तीत आहे, कारखान्याच्या भिंतीपासून तिसऱ्या ओळीत. नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतो. घरात माझी सासू, वय बहात्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. त्या वेळी ती दार लोटून आडवी झालेली असते. त्या क्षणी मला चारशे घरांचा विचार आला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला एकाच घराचा आला. मी टेबलावरचं पंचिंग मशीन उचललं आणि काच फोडली.

वस्तीला काय करायचं ते ठाऊक होतं, कारण ते मीच शिकवलं होतं. सुटीच्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं होतं की भोंगा वाजला की ओलं फडकं नाकाला, शेगडी बंद, वाऱ्याला आडवं चालायचं आणि टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसायचं. तेव्हा लोक मला चहा पाजून हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. वीस मिनिटांत पहिल्या सहा ओळी मोकळ्या झाल्या. शाळेला नव्वद पायऱ्या आहेत. सासूबाई त्या दोन शेजारणींच्या खांद्यावर हात टाकून, प्रत्येक पायरीला कुणाला तरी शिव्या देत चढल्या. तिकडे कारखान्यात मिस्त्री ओलं गोणपाट अंगावर घेऊन आत घुसला, पाण्याचा फवारा धरला आणि तासाभरानं त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. तोवर सुटलेला गॅस रिकाम्या घरांवरून गेला आणि पांगला. लोक सहा वाजता परत आले तेव्हा हवेत फारसं काही नव्हतं. बर्फ कारखान्यामागे राहणाऱ्याला थोडा वास रोजचाच असतो.

शाबासकी मला नको होती. पण निदान गप्प बसतील असं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी टेबलावर नोटीस. खोटा इशारा देऊन जनतेत घबराट पसरवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. खाली कलम, आणि कलमात शिक्षा, एक वर्षापर्यंत कैद. कारखान्यानं लिहून दिलं होतं की गळती झालीच नाही, फक्त नेहमीची देखभाल चालू होती. देखभालीच्या वहीत मिस्त्रीची सही होती. शिवाय सरकारी पथकानं दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन हवा तपासली, ती स्वच्छ निघाली. रात्री चोरी झाली म्हणून सकाळी येऊन घरात चोर शोधायचा, आणि सापडला नाही की घरमालकाला धरायचं, असला हा प्रकार. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांनी खोलीत बोलावलं. साहेब गोड बोलणारे. इतकं गोड की ऐकताना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं. चहा मागवला, बस म्हणाले. मी सांगितलं की मी हे चांगल्या हेतूनं केलं आणि सद्हेतूनं केलेल्या कामाला कायद्यात संरक्षण आहे, मी स्वतः ते पान टाइप केलंय. साहेबांनी मान डोलावली. संरक्षण आहे, म्हणाले, पण ते प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना. तुम्ही ठेकेदाराकडून आलेल्या. कागदावर तुम्ही कर्मचारी नाही.

अकरा वर्षं मी त्या खुर्चीत बसले. सणावाराला बसले, तापात बसले. आणि माझा सद्हेतू ठेकेदारानं पुरवलेला निघाला, म्हणून तो चालत नाही. मी काही बोलणार तेवढ्यात साहेबांनी फाइल मिटली आणि आवाज खाली आणला. कायद्यानं दर वर्षी दोन रंगीत तालमी घ्याव्या लागतात, म्हणाले. मॉक ड्रिल. या वर्षी आपली एकही झालेली नाही, वरून तीन पत्रं आली आहेत. मग असं समजू या की त्या दिवशीचा भोंगा तालमीचा होता. आदेशाचं पत्र मागच्या तारखेनं करून घेतो. तुम्ही फक्त अहवालावर ऑपरेटर म्हणून सही करा. खोटा इशारा गेला, नोटीस गेली, तुमची नोकरी राहिली.

"आणि गॅस?" मी विचारलं.

"तालमीत गॅस नसतो, बाई," साहेब म्हणाले.

मी एक दिवस मागून घेतला आणि तीन दिवस काढले. या तीन दिवसांत मी काय काय विचार केला ते सांगून मला सहानुभूती नकोय. एक वर्ष कैद. नवरा रस्त्यावर, सासूला संडासातून उठायलाही हात द्यावा लागतो. शेजारीण किती दिवस करेल. हे सगळं खरं आहे, पण सही करताना कुणी माझा हात धरला नव्हता. पेनही माझंच होतं. साहेब म्हणाले शहाण्या आहात, आणि मी त्यांचे आभार मानले. त्या आभारांची मला सहीपेक्षा जास्त चीड येते.

मग कागदी घोडे असे सुटले की विचारू नका. अहवालात वस्तीचा प्रतिसाद चौऱ्याऐंशी टक्के. सगळ्या प्रांतात आमची तालीम पहिली. साहेबांना ढाल मिळाली, वस्तीला प्रशस्तिपत्रकं. शिपाई पिशवी घेऊन घरोघर वाटत फिरला. 'रंगीत तालमीत उत्स्फूर्त सहभाग घेतल्याबद्दल' असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं, आणि खाली तीन सह्या. तिसरी माझी, ऑपरेटर म्हणून.

मी घरी पोचले तेव्हा सासूबाई खिडकीपाशी बसून ते वाचत होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. कागद हातात आला की शेवटच्या सहीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीत.

"म्हणजे ते नाटक होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नव्हतं आई, खरा गॅस होता, मिस्त्रीचा फोन आला होता.

"मग ही सही कुणाची?"

मी म्हटलं, माझी.

त्यांनी कागद पालथा घालून पलंगावर ठेवला. मला वाटलं आरडाओरडा करतील, त्यात त्या तरबेज आहेत. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, की नव्वद पायऱ्या चढताना माझा जीव चाललाय असं मला वाटत होतं, तरी चढले, कारण तू सांगितलं होतंस. आता पुन्हा सांगशील तर मी उठणार नाही. इथेच पडून राहीन. त्यानंतर चार दिवस बोलल्या नाहीत. सासू-सुनेचं बिनसलं की निदान भांडी तरी आपटतात, आमच्या घरात तीही गप्प होती.

बाहेर मात्र सगळे बोलत होते. मी दिसले की शिंपी मशीन थांबवून विचारायचा, पुढचा खेळ कधी, आधी कळवा म्हणजे चपला घालून बसतो. किराणावाला म्हणाला, त्या गडबडीत माझा गल्ला उघडा राहिला, आता भोंगा फुटेस्तोवर वाजला तरी मी दुकान सोडणार नाही. मला भोंगाबाई म्हणायला लागले. त्याचं मला काही नाही, याहून वाईट नावं मी ऐकली आहेत. पण प्रत्येक जण हसत हसत एकच सांगत होता, की पुढच्या वेळी आम्ही उठणार नाही. दोन वर्षं घरोघर फिरून मी ही माणसं तयार केली होती. एका सहीनं ती सगळी परत आडवी झाली. मला त्यांचा राग आला, आणि राग येण्याचा हक्क आपल्याला राहिलेला नाही म्हणून आणखी आला.

एवढ्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. ती आधीच शिरायला हवी होती. मी उठून कारखान्याच्या फाटकापाशी गेले आणि मिस्त्री बाहेर येईपर्यंत चहाच्या टपरीवर थांबले. त्याचे डोळे अजून लाल होते. जोडातली गॅस्केट बदलली का, असं मी विचारलं. गॅस्केट म्हणजे दोन पाइपांच्या तोंडांमध्ये दाबून बसवलेली चकती. ती कुजली की गॅस सुटतो.

"कशी बदलू?" तो म्हणाला. "स्टोअरमधून माल काढायचा तर मागणीच्या कागदावर कारण लिहावं लागतं. गळती लिहिली तर गळती झाली असं होतं. आणि गळती तर झालीच नाही. आपण दोघांनीच तसं लिहून दिलंय."

मग आता काय केलंय, मी विचारलं. बोल्ट आवळून ठेवलेत, म्हणाला. पुन्हा सुटेल का, तर सुटेल. कधी, ते सांगता येत नाही. पंधरा दिवस जाईल, सहा महिने जाईल. खरं काय घडलं ते लिहून द्याल का, असं मी विचारलं. दोन मुलींची फी आहे, म्हणाला, मॅनेजरनं पहिल्याच दिवशी सांगितलंय. त्याच्यावर चिडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची सही देखभालीच्या वहीत, माझी अहवालावर. तो निदान आत घुसून व्हॉल्व्ह तरी बंद करून आला होता.

दुसऱ्या दिवशी मी कारखाने तपासणाऱ्या खात्यात गेले. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं की त्या तारखेला घटनेची नोंद नाही. तपासणी घटनेची करता येते, तालमीची नाही. तक्रार करायची तर तुमच्याच प्राधिकरणाकडून पत्र आणा. म्हणजे साहेबांकडून. 

कक्षात परत आले आणि टेबलाचा पाय उचलून खालून कायद्याचं पुस्तक ओढलं. टेबल हलू नये म्हणून ते तिथे कुणीतरी सरकवलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. टाइप करणं वेगळं आणि वाचणं वेगळं. साहेबांना धरायला गेलं तर सद्हेतू आडवा येतो. कारखान्याला धरायचं तर गळती नोंदीत हवी. या सगळ्या रचनेत, देशाच्या प्रमुखापासून शिपायापर्यंत, अंगावर काही संरक्षण नसलेलं एकच माणूस मला सापडलं, ते म्हणजे मी. माझ्यावर खोट्या इशाऱ्याचा खटला भरता येतो. आणि तो भरला की न्यायालयाला पहिला प्रश्न विचारावाच लागेल, इशारा खोटा होता का. ड्रिल होती म्हणाल तर त्या दिवशी सकाळी निघालेलं आदेशाचं पत्र जावक वहीतल्या नोंदीसकट दाखवा, मागच्या तारखेनं केलेलं तिथे चालणार नाही. ड्रिल नव्हती म्हणाल तर गॅस होता की नव्हता ते बघा, म्हणजे तो जोड उघडा. कुठूनही गेलं तरी गाडी त्या गॅस्केटपाशी जाते.

खटला कोण भरणार, तेही पुस्तकात होतं. एक तर प्राधिकरण स्वतः. नाहीतर कुणीही नागरिक, पण त्यानं प्राधिकरणाला तीस दिवस आधी नोटीस द्यायला हवी. मला स्वतःवर खटला भरता येत नाही. वस्तीत शिंप्याला विचारलं असतं तर तो पुन्हा हसला असता. मी घरी गेले. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. चार दिवसांचा अबोला होता, पण मी समोर बसून सगळं सांगितलं. गॅस्केट, सही, तीस दिवस, कैद. त्यांनी घड्या घालणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, की खटला तुझ्यावर आणि भरायचा मी? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, लोक म्हणतील सासूनं अखेर डाव साधला. मी म्हटलं म्हणू देत. त्या म्हणाल्या, तुझा नवरा मला घराबाहेर काढेल. मग म्हणाल्या, कागद आण, आणि रेघांचा आण, माझी ओळ वाकडी जाते.

तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर ओळी सरळ आल्या. 'माझ्या सुनेनं अमुक तारखेला कोणत्याही आदेशाशिवाय भोंगा वाजवून मला व चारशे घरांना टेकडीवर धावायला लावले. तो इशारा खोटा असल्यास तिला शिक्षा व्हावी. खरा असल्यास ते लपवणाऱ्यांना विचारावे. सबब तीस दिवसांनी मी न्यायालयात जाणार आहे.' शेवटचं वाक्य त्यांनी मला न विचारता लिहिलं होतं.

सोमवारी आम्ही रिक्षानं कचेरीत गेलो. आवकचा क्लार्क वाचून आधी हसला, मग दुसऱ्यांदा वाचलं आणि कागद घेऊन आत गेला. पाच मिनिटांत साहेबांनी आम्हाला दोघींना बोलावलं. सासूबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, आजी, घरातली भांडणं घरात मिटवावीत, सुनेला तुरुंगात घालून तुम्हाला काय मिळणार, उद्या गुडघा कोण चोळेल.

सासूबाई चहाला शिवल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, ती खोटं बोलली असेल तर ती आत जाईल. तुम्ही बोलला असाल तर तुम्ही जा. माझं कुणावाचून अडत नाही. मला फक्त एवढं सांगा, भोंगा पुन्हा वाजला तर मी धावायचं की टाळ्या वाजवायच्या?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. यांना समजवा, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, यात मी आरोपी आहे, मी कशी बोलू. त्यांचा गोडवा तिथे संपला. म्हणाले, ही नोटीस मी घेणार नाही, यात कागदोपत्री त्रुटी आहेत. कुठल्या, असं सासूबाईंनी विचारलं. साहेबांनी कागद उलटसुलट केला. त्रुटी सापडेना. मग म्हणाले, ठीक आहे, तीस दिवस आहेत ना, बघू. जाताना मला हळूच सांगितलं की उद्यापासून यायची गरज नाही, ठेकेदाराशी बोलणं झालंय. बोलणं व्हायला पाच मिनिटंही लागली नव्हती. त्या दिवशी पावणेचारला मात्र याच माणसाचा फोन बंद होता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. जिन्यावरची माणसं थांबून ऐकत होती, म्हणून आणखी मोठ्यानं सांगितलं. मग क्लार्ककडे जाऊन पोच घेतली, शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून दुसऱ्यांदा मारायला लावला.

बाहेर आलो तर रिक्षा नव्हती. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर सासूबाई पाय लांब करून बसल्या.  पोच त्यांनी ब्लाउजमध्ये ठेवली होती, ती वरून चाचपून बघत होत्या. मी पाण्याची बाटली दिली. दोन घोट पिऊन त्यांनी विचारलं, या तीस दिवसांत वाजला तर? मी म्हटलं, तर उठायचं आणि वर जायचं, मी आता घरीच आहे, मी नेईन. आणि बाकीचे? मी म्हटलं, आजपासून पुन्हा घरोघर जाते. शिव्या देतील. देऊ देत.

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. रस्त्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "गॅस गळला होता ना गं? खरंच?"

मी म्हटलं, "हो, आई."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. सोळा वर्षं आम्ही एका घरात राहतोय. माझ्या शब्दावर ही बाई नव्वद पायऱ्या चढली होती, आणि आत्ताच माझ्यासाठी सरकारच्या नाकावर टिच्चून नोटीस देऊन आली होती. तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, विश्वास ठेवायचा मनापासून प्रयत्न केला, आणि तिला तो ठेवता आला नाही.